पडताळणी अहवालातली गाळलेली ओळ

राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक-टंकलेखक पदासाठी माझी निवड झाली, तेव्हा साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नियुक्तीपूर्वी स्वतःविषयी भरून द्यायच्या माहितीपत्रात, गुन्ह्याविषयी विचारलेल्या रकान्यात मी 'होय' असेच लिहिले. नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत नालीच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी झालेल्या भांडणात तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 323 (इजा करणे) व 504 (चिथावण्यासाठी अपमान करणे) खाली वडिलांसोबत माझेही नाव लागले होते. पुढे न्यायालयात तडजोड नोंदवली गेली, आणि तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 नुसार अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच असे. तरीही तीन महिन्यांनी पत्र आले: 'चारित्र्य पडताळणी अहवाल समाधानकारक नसल्याने आपली निवड रद्द करण्यात येत आहे.' कारणे दाखवा नोटीस नाही, काही नाही.

मी थेट उच्च न्यायालयात जायला निघालो होतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर राज्य सेवेतील वाद आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे 'मॅट'पुढे, न्यावा लागतो आणि त्यासाठी साधारणतः एका वर्षाची मुदत असते, हे वकिलांनी समजावले. दरम्यान माहितीच्या अधिकारात कार्यालयीन टिप्पणीची प्रत मिळाली. पोलिसांच्या अहवालाची शेवटची ओळ 'तडजोड होऊन आरोपी निर्दोष मुक्त' अशी स्पष्ट होती. टिप्पणीत मात्र 'गुन्हा नोंद आहे' एवढेच उतरवून खाली 'नियुक्ती देऊ नये' असा शेरा मारलेला होता. ती प्रत मी रविभवनासमोरच्या टपरीवर उभ्याने तीनदा वाचली.

मॅटच्या नागपूर खंडपीठापुढे आमचा मुख्य आधार सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग निकाल होता. उमेदवाराने खरी माहिती दिली तरी त्याला नियुक्ती देण्याची सक्ती नियोक्त्यावर नाही, असे तो निकालही म्हणतो, आणि सरकारी वकिलांनी नेमके तेवढेच वाचून दाखवले. पण गुन्ह्याचे स्वरूप, प्रकरणाचा शेवट आणि पदाची गरज यांचा विचार व्हायला हवा, हेही त्यातच आहे. मी सज्जन आहे की नाही, हा तिथे प्रश्नच नव्हता; निर्णय घेताना समोरचा कागद पूर्ण वाचला गेला का, एवढेच तपासायचे होते.

निवड रद्द करणारा आदेश मॅटने रद्द केला, पण थेट नियुक्ती मिळाली नाही. आठ आठवड्यांत फेरनिर्णय घेण्याचे निर्देश झाले. सातव्या आठवड्यात नियुक्तिपत्र आले. मधल्या काळाचे वेतन नाही, ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेपासून. त्यासाठी पुन्हा अर्ज करायचा का, असे वकिलांनी विचारले, तेव्हा मी त्यांच्याकडून माझी मूळ कागदपत्रे परत मागून घेतली.