पंचाण्णव रुपयांचे जिरे

जूनच्या अगदी सुरुवातीची गोष्ट. सकाळचे पावणेसात. बटाट्याच्या भाजीसाठी कढईत तेल तापलेलं, मोहरी तडतडली, आणि जिऱ्याचा डबा उघडला तर तळाशी चिमूटभर. आमच्या वाण्याचं दुकान आठला उघडतं. गॅस बंद केला. लेक म्हणाली, "आई, थांब, दहा मिनिटांत येतात." नऊ मिनिटांत आले. 100 ग्रॅमचं पाकीट 48 रुपये, डिलिव्हरीचे 25, हँडलिंगचे 10, ऑर्डर छोटी म्हणून आणखी 12. झाले 95.

फोडणी पुन्हा टाकली, डबे वेळेवर गेले. पण तो आकडा दिवसभर डोक्यात राहिला. मी अकरा वर्षं पुण्यात कर्वेनगरात घरगुती डबे करते. सध्या चौदा आहेत, बरेचसे शिकणाऱ्या मुलांचे. चार पोळ्या, भाजी, आमटी-भात, 90 रुपये. एका डब्यामागे हातात काय उरतं हे मला पैशांत माहीत आहे. वाणसामानात पाच रुपये इकडचे तिकडे झाले की ते माझ्या मजुरीतून जातात. त्यामुळे "ऑनलाइन स्वस्त पडतं की दुकानात?" हा माझ्यासाठी गप्पांचा विषय नाही. आमच्या घरात मात्र त्यावर दोन वर्षं गप्पाच चालू होत्या. लेकीचं म्हणणं, सगळं ऑनलाइन घे. ह्यांचं म्हणणं, वाण्यासारखं कोणी नाही. दोघांपैकी हिशेबाची वही कोणीच घालत नव्हतं.

म्हणून मी वही घातली. जून महिना सगळं मोबाइलवरून. जुलै सगळं स्वतः जाऊन. ऑगस्टमध्ये श्रावण, गणपती, साबुदाणा आणि नारळाचा खप भलताच, म्हणून तो महिना हिशेबाबाहेर ठेवला. सप्टेंबर वाटून, म्हणजे जे जिथे परवडतं ते तिथून. भाजी आणि दूध यात धरलं नाही. पावसात भाजीचे दर एका दिवसात दुप्पट होतात, ते धरले असते तर हिशेब माझ्या खरेदीचा न राहता पावसाचा झाला असता.

शिवाय जुलैतल्या एका दिवशी एकच यादी घेतली, बावीस जिनसांची, आणि त्या दिवसाचे तिन्हीकडचे दर शेजारी शेजारी लिहिले. वाणी 2,914. मोठं मार्ट 2,655. दुसऱ्या दिवशी सामान आणून देणारं अ‍ॅप 2,702. सरळ उत्तर हवं असेल तर ते इथेच आहे: नुसते दर पाहिले तर ऑनलाइन वाण्यापेक्षा 212 रुपयांनी स्वस्त. मार्ट त्याहून 47 रुपयांनी कमी, पण जाता-येता रिक्षाचे 130. लेक जिंकली, असं मी तेव्हा तिला सांगितलंही.

पण यादी ओळीओळीने वाचली की वेगळं दिसतं. तो 212 चा फरक जवळजवळ सगळा साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड, टूथपेस्ट, चहा यांचा होता. म्हणजे ज्यावर छापील किंमत असते आणि कंपनी मोठ्या खरेदीदाराला सूट देते अशा वस्तू. 4 किलो पावडर वाण्याकडे 590, अ‍ॅपवर 470. इथे वाण्याचा काही इलाज नाही, त्यालाच तेवढ्यात मिळत नाही. उलट सुट्या मालात तो पुढे. शेंगदाणे त्याच्याकडे 130 रुपये किलो. अ‍ॅपवर अर्ध्या किलोचं पाकीट 84, म्हणजे 168 किलो. रवा, पोहे, गूळ, धने, चणाडाळ, सगळीकडे कमी-जास्त हेच. शिवाय सुटे शेंगदाणे मी मुठीत घेऊन वास बघते. खवट असतील तर कूट घातलेली भाजी चौदा जणांकडून परत येते.

सुट्या मालाला एक कारण कराचंही आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्य, डाळी आणि पिठांवर 5 टक्के जीएसटी लागला. सुट्या मालावर नाही. मोबाइलवर सुटं काही मिळत नाही, सगळं पाकिटातच. तेव्हापासून बाजारात तांदळाचे 26 किलोचे कट्टे दिसू लागले, ते याच मर्यादेच्या वर राहण्यासाठी.

आणि दहाचे जिरे. हे मला कोणत्याच अ‍ॅपवर सापडलं नाही. वाण्याकडे मी वजन सांगत नाही, पैसे सांगते. "दहाचे जिरे द्या, पाचाची हळद." महिनाअखेरीला हात आखडलेला असतो तेव्हा 100 ग्रॅमचं पाकीट घेणं म्हणजे पुढच्या महिन्याचे पैसे आजच अडकवणं. ज्यांच्याकडे पगार एक तारखेला येतो त्यांना हे किरकोळ वाटेल. माझ्याकडे डब्याचे पैसे पाच ते बारा तारखेपर्यंत येत राहतात. वाणी तोवर थांबतो, "वहिनी, लिहून ठेवलंय" एवढंच म्हणतो. अकरा वर्षांत त्याने व्याजाचा एक पैसा घेतला नाही. त्याचे शेंगदाणे दोन रुपयांनी महाग असते तरी मी ते तिथूनच घेतले असते.

कोथिंबिरीचं सांगते, कारण ती मी प्रत्यक्ष तोलून पाहिली. भाजी हिशेबात नव्हती, पण हा प्रश्न मला छळत होता. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या ताईकडून गावरान जुडी आणली, 15 रुपये. मातीसकट 290 ग्रॅम भरली. मुळं कापली, पिवळी पानं काढली, जाड देठ वेगळे केले (ते आमटीत जातात, फेकत नाही). उरली 185 ग्रॅम. अ‍ॅपवरून आलेलं पाकीट 100 ग्रॅमचं, 22 रुपये. स्वच्छ, मुळं नाहीत, बारीक छिद्रांच्या पिशवीत. निवडून उरली 88. म्हणजे कामाची कोथिंबीर ताईकडे 100 ग्रॅमला 8 रुपये, अ‍ॅपवर 25. पण जुडी निवडायला मला बारा मिनिटं लागली आणि पाकिटाला दोन. एकट्या राहणाऱ्या नोकरदार माणसाने पाकीट घेतलं तर मी त्याला उधळ्या म्हणणार नाही. मला रोज एक जुडी लागते आणि ताई वर मिरच्या-कढीपत्ता टाकते, म्हणून माझं गणित वेगळं.

गव्हात मला मोठा फरक निघेल असं वाटलं होतं, तो निघाला नाही. महिन्याला 60 किलो लागतो. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून 30 किलोचे दोन कट्टे, 38 रुपये दराने, आणि गिरणीत दळणाचे किलोला 6. म्हणजे 2,640. जूनमध्ये पाकिटातलं पीठ ऑफरमध्ये घेतलं ते 2,760 ला पडलं. 120 रुपयांचा फरक, आणि कट्टे उचलायचे कष्ट वेगळे. तरीही मी गिरणीवरच परत गेले. डबा एक वाजता उघडतात. गिरणीच्या पिठाची पोळी सात वाजता लाटलेली एक वाजता मऊ असते. जूनमध्ये दोन मुलांनी विचारलं, "काकू, पीठ बदललं का?" त्यानंतर मला ते 120 रुपये मोजावेसेही वाटले नाहीत.

आता जूनचा हिशेब. महिना संपल्यावर लेकीने तिच्या, ह्यांच्या आणि माझ्या मोबाइलमधली दहा मिनिटांत आणून देणाऱ्या अ‍ॅपची सगळी बिलं काढून दिली. महिन्याच्या मोठ्या ऑर्डरखेरीज एकोणीस ऑर्डरी. मी लाल पेन घेऊन बसले आणि फ्रीजवरच्या यादीत नसलेल्या प्रत्येक वस्तूखाली रेघ मारली. रेघा मारलेल्या वस्तूंची बेरीज 1,160. वेगवेगळ्या शुल्कांची 412. म्हणजे 1,572 रुपये.

त्या रेघांखाली काय काय होतं? 99 च्या वर ऑर्डर गेली तर डिलिव्हरी माफ, म्हणून घेतलेली बिस्किटं. रात्री अकराचं आइस्क्रीम. एकाच संध्याकाळी दोघांनी आपापल्या मोबाइलवरून मागवलेले दोन ब्रेड, त्यातला एक बुरशी येऊन गेला. हे लिहिताना मला कोणावर राग नाही. पण एक गोष्ट नीट दिसली. आमच्या घरात यादी एकाच ठिकाणी असायची, फ्रीजवर, चुंबकाखाली. घरातली वस्तू संपली की लिहायची, आणलेल्यावर काट मारायची. अ‍ॅप आल्यावर यादी तीन मोबाइलमध्ये वाटली गेली. कोणी काय मागवलं ते दुसऱ्याला कळेना, आणि संपलं की लगेच येतं म्हटल्यावर संपायच्या आधी लिहून ठेवायची सवयच मोडली. जिरे तसेच संपले होते. आधी मी डबा अर्धा झाला की लिहायचे.

फाटलेल्या डाळीच्या पाकिटाचे 74 रुपये परत मिळाले, पण बँकेत नाही, त्या अ‍ॅपच्याच वॉलेटमध्ये. ते वापरायचे तर पुन्हा तिथूनच घ्यायला हवं. एका बिलात देणगीचे 2 रुपये आधीच खूण करून ठेवलेले होते, मी काढले नाहीत म्हणून गेले. लेकीने सांगितलं की असं न विचारता टोपलीत काही घालणं हे ग्राहकाला फसवण्याच्या 13 प्रकारांत मोडतं आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये त्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मला हे माहीत नव्हतं. 2 रुपयांचा प्रश्न नाही. मला न विचारता माझ्या पिशवीत वाण्याने एक गोळी जरी टाकली असती तरी मी तिथेच बोलले असते.

तेलाच्या पिशवीवरही नजर हवी. एक लिटर तेल म्हणजे 910 ग्रॅम. त्याच रंगाची, त्याच चित्राची 750 ग्रॅमची पिशवी मिळते, आणि मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. हातात घेतली की वजनाने कळतं. आता पाकिटावर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा दर छापलेला असतो. मी चष्मा लावून तोच वाचते.

मार्टला मी झुकतं माप देत नाही. जुलैत दोनदा गेले, रिक्षाचे 260 झाले आणि यादीबाहेरचं 640 चं सामान घेऊन आले. प्लॅस्टिकचे डबे, चादर, एकावर एक मोफत असलेला सॉस. शिवाय प्रत्येक वेळी तीन तास गेले. तेवढ्या वेळात माझी उद्याची भाजी चिरून होते.

तीन महिन्यांचे आकडे, भाजी-दूध सोडून: जून 13,640. जुलै रिक्षासकट 12,480. सप्टेंबर 11,710. जून आणि सप्टेंबरमध्ये 1,930 चा फरक. त्यातले 1,572 तर शुल्कं आणि लाल रेघांचेच. म्हणजे कुठे काय स्वस्त ते शोधून, तीन ठिकाणी वाटून, दरांत माझे वाचले ते 358. हे पाहून मी बेरीज दोनदा केली. दोन वर्षं आम्ही घरात ज्यावर वाद घालत होतो ते दर म्हणजे साडेतीनशे रुपये. बाकी सगळं किती वेळा मागवलं आणि कोणी मागवलं यात होतं.

सप्टेंबरमध्ये केलं ते एवढंच. साबण-पावडर-चहा महिन्यातून एकदा, एका ऑर्डरमध्ये, माझ्याच मोबाइलवरून, आणि यादी कागदावर लिहिल्याशिवाय अ‍ॅप उघडायचं नाही. गहू-तांदूळ मार्केट यार्डातून, शेजारणीबरोबर टेम्पो वाटून. डाळी, शेंगदाणे, रवा, मसाल्याचं सगळं वाण्याकडून. त्याला यादी आता मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, दुपारी त्याचा मुलगा सायकलवर आणून देतो, त्याचे पैसे घेत नाही. दहा मिनिटांचं अ‍ॅप ह्यांच्या मोबाइलमध्ये ठेवलंय. सासूबाई आजारी पडल्या आणि रात्री इलेक्ट्रॉलची पुडी लागली तेव्हा ते उपयोगी पडलं होतं, ते मी विसरलेले नाही.

गणपतीनंतर डबा 95 करायचा असं मी ठरवलं होतं. चौदा डबे, पाच रुपये, सव्वीस दिवस, म्हणजे 1,820. मुलांना सांगायचं कसं याची महिनाभर मनात उजळणी चालली होती. त्यातल्या एकाचे वडील लातूरकडे शेती करतात, यंदा पावसाने त्यांचं सोयाबीन गेलं. काल संध्याकाळी डबे परत द्यायला मुलं आली तेव्हा सांगितलं, दिवाळीपर्यंत 90 च.