धारावीतून पहिलं कातडं आणताना

आमच्या कोपऱ्यावर चपला शिवायला बसणारे एक काका आहेत. गेल्या दिवाळीत मी त्यांच्यापुढे एक पट्टा ठेवला. चामडं ऑनलाइन मागवलेलं, कापलेला मी, शिवलेलाही मीच. दोन महिन्यांत बकलापाशी वरचा रंगीत थर सालपटासारखा सुटला होता आणि आतून पिंजलेल्या कापसासारखे तंतू बाहेर आले होते. काकांनी अंगठ्यानं ते साल आणखी थोडं उचलून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हा खालचा पदर आहे. वरचा कुणी दुसऱ्यानं नेला."

जाड कातडं मशीनवर आडवं चिरून त्याचे दोन-तीन पदर काढतात. केसांकडचा वरचा पदर घट्ट विणीचा, तोच टिकतो. खालच्या पदराला स्प्लिट म्हणतात. त्याच्यावर रंगाचा नाहीतर प्लास्टिकचा थर चढवला की फोटोत तो वरच्यासारखाच दिसतो. विकणाऱ्यानं 'अस्सल चामडं' असं लिहिलं होतं आणि शब्दापुरतं ते खरंही होतं. मला तेव्हा चामडं विचारायचं कसं हेच माहीत नव्हतं. म्हणून यंदा ठरवलं, हातात घेऊन बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. पुण्याहून सकाळची सिंहगड पकडली, दादरला उतरले आणि मुंबईतल्या धारावीच्या चामड्याच्या बाजारासाठी स्लो लोकलनं शीव गाठलं.

धारावीत पहिल्यांदाच जाणार असाल तर शीव स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि काळा किल्ला कुठे ते विचारा. खरोखरच तिथे किल्ला आहे. १७३७ मध्ये इंग्रजांनी बांधलेला तो रीवा किल्ला आता घरांच्या गर्दीत बुडालाय. त्या बाजूच्या मोठ्या रस्त्यावर काचेची दुकानं दिसतील, जॅकेटं आणि बॅगा टांगलेली. तो तयार माल. न शिवलेलं चामडं आतल्या गल्ल्यांत मिळतं, छोट्या गाळ्यांमध्ये छतापर्यंत रचलेल्या गुंडाळ्या असतात. दहाला पोचलात तर निम्मी शटरं खाली असतील, अकरानंतर जा. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. ती माणसांची कामाची जागा आहे, आणि पुष्कळदा राहायचीही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळनाडूतून आलेल्या कातडं कमावणाऱ्यांनी, म्हणजे कच्च्या कातड्याचं टिकाऊ चामडं करणाऱ्यांनी, धारावीत टॅनऱ्या (कमावण्याचे कारखाने) काढल्या. आता कमावण्याचं काम इथे जवळजवळ उरलेलं नाही, बराचसा माल चेन्नई, कानपूर आणि कोलकात्याहून तयार होऊन येतो. कापणं, शिवणं आणि विकणं मात्र अजून इथेच चालतं. त्यामुळे एका गल्लीत चार ठिकाणचं चामडं शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं, आणि नवख्या माणसाला त्याचीच गरज असते.

पहिल्या दुकानात मी तोंड उघडलं ते 'वेज टॅन है क्या' असं, म्हणजे झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं आहे का. दुकानदारानं उलट विचारलं, "बनाना क्या है?" मी सांगितलं, कार्ड ठेवायचं पाकीट, वहीचं कव्हर आणि जमलं तर पट्टा. त्यानं मान हलवली आणि तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून तीन गुंडाळ्या काढल्या. इथेच माझी दिवसभराची पद्धत ठरली. पुढे प्रत्येक दुकानात मी आधी काम सांगितलं, नाव नंतर. वस्तू कळली की दुकानदाराला जाडी, ताण आणि कमावण्याची पद्धत हे सगळं आपोआप कळतं. नुसतं नाव घेतलं तर तो त्या नावाचा जो माल पडून असेल तो दाखवतो.

जाडी मिलिमीटरमध्ये सांगा. कार्डाच्या पाकिटाला १ ते १.२, घडीच्या पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला १.२ ते १.५ आणि आतल्या कप्प्यांना ०.८ च्या आसपास. वहीच्या कव्हरला दीड ते दोन. पट्ट्याला एकाच पदरात ३ ते ४ हवं. माझ्याकडे जाडी मोजायचा छोटा डिजिटल कॅलिपर होता. तो खिशातून काढल्यावर कुणी नाराज झालं नाही, उलट बोलणं सरळ झालं. कॅलिपर नसेल तर आवडती जुनी वस्तू सोबत न्या आणि 'इतकी जाडी' म्हणून दाखवा. हवं ते जाड असेल तर मशीनवर पातळ करून मिळेल का, हेही विचारा. नुसत्या कडा पातळ करण्याला तिथले कारागीर छिलाई म्हणतात.

आता खरा प्रश्न, वेज टॅन की क्रोम. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते काम झटपट होतं आणि माल मऊ, लवचीक, पाण्याला कमी घाबरणारा निघतो. जॅकेट, मऊ बॅग यांना तेच बरं. वेज टॅन म्हणजे झाडांच्या साली आणि फळांनी कमावलेलं. आपल्याला हे परकं नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावतात, कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात तो रस भरून ठेवतात. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ती हीच चपल.

शिकणाऱ्यानं पहिलं चामडं वेज टॅनच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. त्यावर नक्षी उठते, ते ओलं करून आकार देता येतो आणि कड ओल्या कापडानं घासली की गुळगुळीत होऊन चकाकते. क्रोमची कड कितीही घासा, ती पिंजूनच राहते, तिला रंगाचा लेप द्यावा लागतो. सुरुवातीला हात कडांवरच सर्वांत जास्त अडतो, म्हणून हा फरक मोठा आहे.

ओळखायचं कसं, ते दुसऱ्या दुकानातल्या एका वयस्कर कारागिरानं मला दाखवलं. त्यानं दोन तुकडे घेतले, वरून दोन्ही सारखेच तपकिरी. कापलेली कड उजेडात धरली. एकाच्या मधोमध निळसर राखाडी रेघ होती, ते क्रोम. दुसरा आरपार एकाच रंगाचा, शेंगदाण्याच्या सालीसारखा. मग नखानं दाबलं. वेज टॅनवर नखाची चंद्रकोर उमटली आणि तशीच राहिली, क्रोमवरची भरून आली. शेवटी बोटावर पाणी घेऊन एक-एक थेंब ठेवला. रंगाचा थर न दिलेल्या वेज टॅननं तो पिऊन टाकला आणि तिथे काळपट गोल डाग पडला. क्रोमवर थेंब बराच वेळ तसाच बसून होता. वासही घ्या. वेज टॅनला लाकडाच्या वखारीसारखा, थोडा कातासारखा वास येतो. (विकत न घेतलेल्या मालावर पाणी टाकू नका, कटपीस मागून घ्या.)

भाव फुटावर असतो, म्हणजे चौरस फुटावर. कातड्याच्या मागच्या बाजूला आकडा लिहिलेला किंवा छापलेला असतो. मला एका शेळीच्या कातड्यावर मोठा ५ आणि त्याच्या डोक्याशी बारीक २ दिसला. तो बारीक आकडा पाव फुटांचा, म्हणजे कातडं साडेपाच फूट. हे माहीत असलं की हिशोब डोळ्यांसमोर होतो. अंदाजासाठी लक्षात ठेवा, ए-फोर कागद साधारण दोन तृतीयांश फूट. वस्तूचे कागदी साचे घरूनच कापून न्या आणि कातड्यावर ठेवून बघा. भोकं, वार, सुरकुत्या टाळायच्या म्हणून पाव ते तिसरा हिस्सा वाया जाणार हे धरून चाला.

शेळीचं कातडं छोटं असतं, तीन ते सहा फूट. ते पातळ पण चिवट, वरच्या, केसांकडच्या बाजूवर बारीक दाणा. पूर्ण कातडं घेतलं तरी खिशाला झेपतं, म्हणून पाकिटांसाठी मी तेच घेतलं. मेंढीचं हाताला लोण्यासारखं लागतं, मोह होतो, पण ते ताणलं जातं आणि टाके ओढले की फाटतं, पहिल्या कामाला नको. पट्ट्यासाठी म्हशीचं. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे राज्यातला जाड माल मुख्यतः म्हशीचा, गायीचं दिसतं ते बरंचसं बाहेरून आलेलं. म्हशीचा दाणा ठसठशीत, तंतू जाड, आणि ते ताकदीला उत्तम.

कातडं पूर्ण उलगडून बघा, दुकानदार कंटाळला तरी. मधली कण्याची रेघ शोधा. तिच्या दोन्ही बाजूंचा पाठीचा भाग सर्वांत घट्ट. कडेकडे पोट येतं, ते सैल असतं. दोन्ही हातांत धरून ओढलं की फरक लगेच कळतो. पोटाच्या भागाचा पट्टा महिन्याभरात लांबतो. उलटी बाजू उजेडात धरा, सोलताना सुरीचे वार बसलेले असतात, ते वरून दिसत नाहीत आणि नेमके वाकवल्यावर उघडतात. गोचिडाचे बारीक ठिपके मात्र मला चालतात, ते जनावराच्या आयुष्याचे आहेत.

कटपीस किलोवर मिळतात. एक किलो जरूर घ्या. भोकं पाडायला, टाक्यांचं अंतर बसवायला, रंग करून बघायला तेच वापरा, म्हणजे चांगल्या कातड्याला हात लावताना धडधड कमी होते. मी साडेपाच फूट शेळी, पट्ट्यापुरती म्हशीची पाठ, किलोभर कटपीस, मेणाचा दोरा आणि दोन बकलं घेतली, सगळं धरून अठराशेच्या आसपास. घासाघीस फार केली नाही. पाठीचा भाग हवा म्हणून फुटामागे थोडं जास्त दिलं आणि ते योग्यच वाटलं.

आणताना घडी घालू नका, घडीची रेघ जात नाही. दाण्याची बाजू बाहेर ठेवून गुंडाळी करा आणि सुती कापडात बांधा. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये ठेवलं तर आठवड्यात बुरशी धरते. आणखी एक गोष्ट घरी आल्यावर कळली. ओल्या वेज टॅनवर मी लोखंडी पट्टी ठेवून विसरले आणि तिच्याखाली निळी-काळी रेघ उमटली. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई पूर्वी करायचे, तोच प्रकार. साल आणि लोखंड भेटलं की काळं होतंच. ओल्या चामड्यावर लाकडी किंवा स्टेनलेसची पट्टी वापरा.

दुसऱ्या दिवशी गुंडाळी घेऊन काकांकडे गेले. त्यांनी म्हशीचा तुकडा दगडावर पसरला, उलटा केला, तळव्यानं कण्याच्या बाजूनं कडेपर्यंत दाबत नेला. मग दाण्याची बाजू बाहेर करून वाकवला आणि वाकलेल्या जागी डोळा लावला. एकही तडा नव्हता.

"पाठीचंच आहे," ते म्हणाले. चामडं कापायची रापी दगडावर दोनदा घासली, कडेची चार बोटं कापून बाजूला सारली आणि रापी माझ्या हातात दिली. "आता हितनं सरळ घ्या. हात थांबवू नका."