तुम्ही विचारलेत म्हणून : दोन तळहातांएवढा आजार

माझ्या दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत इसब आहे, ज्याला आता बहुतेक जण एक्झिमाच म्हणतात. बाही थोडी वर सरकली की समोरच्याचे लक्ष तिकडे जाते आणि ठरलेले दोन प्रश्न येतात. पहिला असा, की हे तर लहान मुलांचे दुखणे, मोठ्या माणसांना ते कितीसे होत असणार? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : एवढ्याशा जागेचा एवढा काय तो त्रास? पहिल्याचे उत्तर आकड्यांत देता येते. दुसऱ्याचेही देता येते, पण त्यासाठी थोडे गणित मांडावे लागते, आणि ते मांडायला मला स्वतःलाच बरीच वर्षे लागली.

लहान मुलांचे दुखणे ही समजूत अगदीच निराधार नाही. काही देशांत मुलांमधील प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते आणि त्यांतील अनेकांचा आजार वाढत्या वयात मावळतो. परंतु मावळतो म्हणजे सगळ्यांचाच मावळतो असे नाही, आणि काहींचा तर मोठेपणीच उगवतो. अ‍ॅटोपिक, म्हणजे अ‍ॅलर्जीकडे कल असणाऱ्या प्रकृतीशी जोडलेला, एक्झिमा असलेल्या प्रौढांपैकी साधारण चौघांतील एकाला तो मोठेपणी सुरू झालेला असतो. माझा चौतिसाव्या वर्षी सुरू झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत प्रौढांमधील प्रमाण जपानमध्ये २.१ टक्के, युरोपात ४.४ टक्के आणि अमेरिकेत ४.९ टक्के आढळले, तर पुढच्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात ते ७.३ टक्के निघाले. एकाच देशाचे दोन आकडे इतके वेगळे का, याचे कारण आजारात कमी आणि विचारण्याच्या पद्धतीत जास्त आहे. कोणती लक्षणे मोजायची, डॉक्टरांनी निदान केलेले असण्याची अट घालायची की नाही, आजची स्थिती विचारायची की वर्षभरातली, यावर आकडा हलतो. शिवाय हे सारे अ‍ॅटोपिक प्रकाराचे आकडे झाले. पाणी, साबण, रसायने यांत हात घालून काम करणाऱ्यांना होणारा हातांचा एक्झिमा वेगळा मोजला जातो आणि तो वर्षभरात दहा-अकरा प्रौढांपैकी एकाला होतो.

(मोठेपणी पहिल्यांदा उठलेल्या चट्ट्याला घरच्या घरी नाव देऊ नये, हे मात्र जाता जाता सांगतो. गजकर्ण, खरूज, स्पर्शातून येणारी अ‍ॅलर्जी आणि क्वचित त्वचेचा लिम्फोमा हा कर्करोगसुद्धा दुरून सारखाच दिसू शकतो. माझ्या चट्ट्यांना ओळखीच्या एकाने गजकर्ण ठरवले आणि तो कित्येक महिने माझा टॉवेल जपून टाळत राहिला. एक्झिमा संसर्गाने पसरत नाही.)

आता तीव्रतेचे गणित. त्या अमेरिकी अभ्यासात रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के सौम्य, २९ टक्के मध्यम आणि ११ टक्के तीव्र गटात मोडले. सौम्य हा शब्द ऐकून विचारणारा निश्चिंत होतो. मला तेथूनच अडचण सुरू होते. डॉक्टर वापरतात त्या एका प्रमुख मोजपट्टीचे नाव, योगायोगाने, ईझी असे उच्चारले जाते. तिचे गुण शून्य ते ७२. लाली, सूज, ओरखडे आणि त्वचेचा जाडपणा या चार खुणांना प्रत्येकी जास्तीत जास्त तीन गुण मिळतात. त्या बेरजेला व्यापलेल्या जागेच्या गुणाने आणि त्या अवयवाच्या भाराने, म्हणजे मोजणीत त्याला दिलेल्या वाट्याने, गुणायचे. बोटांसकट एक तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे एक टक्का. माझे चट्टे दोन तळहातांएवढे आहेत. खांद्यापासून बोटांपर्यंतच्या दोन्ही हातांचा तो दहावा भाग झाला, म्हणून जागेचे गुण दोन, आणि हातांचा भार ०.२. समजा, माझ्या चारही खुणा टोकाला गेल्या, त्वचा याहून वाईट होऊच शकत नाही असे धरले, तरी बारा गुणिले दोन गुणिले ०.२ म्हणजे ४.८. सात गुणांपर्यंतचा आजार सौम्य समजला जातो. म्हणजे फक्त कोपरांच्या जोरावर मला या मोजपट्टीवर मध्यम होणेसुद्धा शक्य नाही.

या मोजपट्टीत खाज नाही आणि झोपही नाही. चार खुणांपैकी लाली तर सावळ्या त्वचेवर तपकिरी, राखाडी किंवा जांभळट दिसते आणि तिला डोळे सरावलेले नसतील तर कमी गुण मिळतात.

याउलट, नॉटिंगहॅममध्ये तयार होऊन २००४ साली प्रसिद्ध झालेली पोएम नावाची प्रश्नावली रुग्णालाच विचारते : गेल्या आठवड्यात किती दिवस खाज सुटली, किती रात्री झोप मोडली, किती दिवस रक्त आले, पाणी झिरपले, भेगा पडल्या, कोंडा निघाला, त्वचा कोरडी आणि खरखरीत वाटली. सात प्रश्न, २८ गुण. ऐन भरातल्या एका आठवड्यात मी ती भरली तेव्हा २० गुण झाले, आणि १७ पासून पुढे तीव्र आजार सुरू होतो. त्याच आठवड्यातल्या तपासणीच्या कागदावर माझ्या नावापुढे सौम्य असे लिहिलेले होते.

यात डॉक्टरांची चूक आहे असे मी म्हणणार नाही. प्रौढांसाठी २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ड्युपिलुमॅब या एक्झिमावरच्या इंजेक्शनच्या मुख्य चाचण्यांत ईझीचे किमान १६ गुण आणि शरीराचा दहावा भाग व्यापलेला असणे ही अट होती, आणि नवे औषध तपासायचे तर डोळ्यांना दिसेल, दोघा तपासनिसांना सारखे मोजता येईल असे काही हवेच. माझी तक्रार एवढीच आहे, की तपासण्यासाठी आखलेली ती रेषा हळूहळू त्रास आहे की नाही हे ठरवणारी रेषा बनते. त्यात हा आजार चढउताराचा. तपासणीच्या दिवशी तो नेमका ओसरलेला असतो आणि त्याआधीच्या चार रात्री, दिवा लावून कोपराखाली गार ओले फडके धरून बसलेल्या, कोठेच नोंदल्या जात नाहीत.

म्हणून आता कोणी दुसरा प्रश्न विचारला की मी कोपर न दाखवता पोएमचे गुण सांगतो. या आठवड्यात ते ११ आहेत, म्हणजे मध्यम, आणि पाच रात्री सलग झोप लागली. जाड झालेली त्वचा मऊ व्हायला महिने लागतात, त्यामुळे चट्टे मात्र तुम्हाला गेल्या वेळेसारखेच दिसतील.