सोलापूर ते पुणे, तीन फेऱ्या: पदरच्या पैशाने वजनाचं ऑपरेशन करावं का?

२०२५च्या जून ते ऑगस्टमध्ये मी तीनदा पुण्याला गेले. पहिल्यांदा नुसतं विचारायला, दुसऱ्यांदा तपासण्यांना आणि तिसऱ्यांदा ऑपरेशनला. विम्यातून एक रुपया मिळणार नव्हता. सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या बायका ओळखीतून नंबर मिळवून मला अजून फोन करतात, आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न "किती खर्च आला?" हाच असतो. तो सांगतेच, पण मी ठरवलं कसं, ते त्याहून जास्त कामाचं आहे.

वय ४४, उंची १५७ सेंटिमीटर, वजन १०६ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ४३. मधुमेह सात वर्षांचा, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४. गुडघ्यांपायी मी मुख्याध्यापकांना विनंती करून सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणून घेतला होता. शाळा विनाअनुदानित, त्यामुळे वैद्यकीय बिलं परत मिळण्याचा प्रश्नच नाही.

विम्याचं आधी सांगते, कारण तिथेच बऱ्याच जणींचा निर्णय बदलू शकतो. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये जे नियम एकसारखे करून दिले, त्यांत वजनाच्या ऑपरेशनच्या अटी स्पष्ट आहेत: वय १८च्या पुढे, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त. बीएमआय ३५च्या पुढे असेल तर सोबत चारपैकी एक त्रास हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), किंवा औषधांनीही न आटोपणारा टाइप टू मधुमेह. मी या अटींत बसत होते. पण पॉलिसी घेऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि माझ्या पॉलिसीत या ऑपरेशनला तीन वर्षांची प्रतीक्षा होती. तेव्हा स्वतःच्या पैशाने करायचं ठरवण्याआधी पॉलिसीचं पुस्तक काढा आणि प्रतीक्षा काळ कधी संपतो ती तारीख बघा. सहा-आठ महिने राहिले असतील तर थांबा, असंच मी म्हणेन. माझी दोन वर्षं उरली होती.

डॉक्टरांचे निकष विम्यापेक्षा सैल आहेत, हेही माहीत असू द्या. ४० आणि ३५ हे आकडे १९९१ सालचे. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या संघटनांनी ते खाली आणले, आणि आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासून विचार करावा असं म्हटलं. त्यामुळे सर्जन "तुम्ही बसता" म्हणाले म्हणजे विमा कंपनीही तेच म्हणेल असं नाही.

पहिली फेरी. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्स्प्रेस. साडेदहापर्यंत पुण्यात उतरता येतं आणि दुपारची अपॉइंटमेंट आरामात गाठता येते. सोबत वहिनी होती. भिगवणच्या अलीकडे उजनीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, आज कुठेही पैसे भरायचे नाहीत. आज फक्त ऐकायचं." उतरायचं मावसबहिणीकडे, कोथरूडला. स्टेशनवरून मेट्रोने वनाजपर्यंत जाता येतं. जिन्यांची धास्ती होती, पण सरकता जिना आणि लिफ्ट दोन्ही होतं.

दोन दिवसांत तीन डॉक्टर गाठले. पहिल्या ठिकाणी सर्जन पाच-सहा मिनिटं भेटले. नंतर अर्धा तास बोलली ती समन्वयक मुलगी. समोर लॅमिनेट केलेला दरपत्रकाचा कागद: स्लीव्ह (जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन), ३० जूनपर्यंत २ लाख ९० हजार, नंतर ३ लाख ४० हजार. "आज पंचवीस हजार भरून ठेवा मॅडम, नाहीतर हा दर मला धरून ठेवता येणार नाही." तपासण्यांचं विचारलं तर म्हणाली, भरती झाल्यावर होतील. माझा हात पर्सवर गेला होता, हे मी खरं सांगते. इतकी वर्षं वजनापायी लोकांचं ऐकून घेतलेलं असतं, की कोणी "सहा महिन्यांत सुटाल" म्हटलं की माणूस तिथेच विरघळतो. वहिनीने मला उठवलं. पोटाच्या ऑपरेशनला महिनाअखेरीची सवलत असते, याचा राग मला अजून येतो.

दुसरे एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन आणि मधुमेहाचे डॉक्टर. ते म्हणाले, आधी इंजेक्शनचा विचार करा. माउंजारो हे मधुमेहाचं आणि वजनाचं इंजेक्शन त्या वर्षी मार्चमध्येच भारतात आलं होतं. तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी साडेतीन हजारांना, पाच मिलिग्रॅमची ४३७५ रुपयांना, आठवड्याला एक. म्हणजे पाचवर गेल्यावर महिन्याला साडेसतरा हजार, वर्षाला दोन लाखांच्या पुढे. बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, हेही त्यांनीच सांगितलं. वजन माझ्याइतकं नसेल, किंवा ऑपरेशनची मनापासून तयारी नसेल, तर हा रस्ता खरोखर विचार करण्यासारखा आहे. किमती मात्र बदलत असतात, ताज्या विचारा.

तिसऱ्या सर्जनबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा नव्हताच. "रात्री आडवं झाल्यावर छातीत जळजळतं का?" जळजळायचं. दोन उशा घेऊन झोपायचे. मग त्यांनी माझ्याच फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं. स्लीव्हमध्ये जठराचा पंच्याहत्तर-ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. भूक वाढवणारं घ्रेलिन ज्या भागात तयार होतं तो भागही जातो. पण त्या नळीत दाब वाढतो, त्यामुळे आधीच आम्ल वर येत असेल तर ते आणखी वाढू शकतं. दुसरं ऑपरेशन बायपास, हृदयाचं नव्हे, जठराचं. त्यात वरच्या बाजूला लहानशी पिशवी करतात आणि लहान आतडं थेट तिला जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं, पण अन्न तिकडे जात नाही. मधुमेहाला याचा फायदा जास्त, जळजळीलाही. मात्र लोह, कॅल्शियम, बी१२ कमी शोषलं जातं, म्हणून गोळ्या जन्मभर. "एंडोस्कोपी केल्याशिवाय मी कुठलंच ऑपरेशन सांगणार नाही," असं म्हणून त्यांनी पेन ठेवलं. तो कागद माझ्याकडे आहे.

घरी आल्यावरचा महिना पुण्याच्या तिन्ही फेऱ्यांपेक्षा कठीण गेला. सासूबाई म्हणाल्या, "तोंड आवरलं तर लाखभर रुपये वाचतील." त्यांच्याशी वाद घातला नाही, पण लागलं. वीस वर्षांत मी चार वेळा दहा-बारा किलो उतरवले आणि चारही वेळा ते परत आले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या यांचं म्हणणं वेगळं होतं: "चालत्याबोलत्या माणसाला टेबलावर का न्यायचं?" ती भीती मला पटत होती. सर्जनबाईंना मी मृत्यूचा धोका सरळ विचारला होता. चांगल्या केंद्रात हजारात एक-दोन, साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनइतका, असं उत्तर मिळालं. शिवाय टाके गळणं (आतल्या टाक्यांतून गळती होणं), रक्तस्राव, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, ही तिन्ही नावं त्यांनी न विचारता सांगितली. जिथे ही नावं तुम्हालाच विचारून काढावी लागतात, तिथे मी ऑपरेशन करणार नाही.

मी वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे दोन वर्षं थांबले तर मधुमेह, गुडघे आणि रात्रीचं घोरणं कुठे जाईल. दुसरीकडे पैसा. बायपासचा खर्च ३ लाख ७५ हजार, भरतीपूर्वीच्या तपासण्या २२ हजार. नंतर प्रोटीन पावडर आणि जीवनसत्त्वं, महिन्याला साधारण तीन हजार. दर तीन महिन्यांनी, मग दर वर्षी रक्ततपासणी आणि पुण्याची फेरी. यांतली शेवटची दोन कलमं कुठल्याच दरपत्रकात नसतात, आणि ती न संपणारी आहेत. पॅकेज भरायला पैसे आहेत पण पुढची पाच वर्षं हे तीन हजार निघणार नाहीत, असं गणित असेल तर ऑपरेशन करू नका. जीवनसत्त्वांची कमतरता हळूहळू येते, आणि येते तेव्हा मुंग्या, ॲनिमिया, ठिसूळ हाडं घेऊन येते.

दोन लाखांची एफडी मोडली, पाटल्यांवर बँकेचं सोनेतारण कर्ज घेतलं, दादाने पन्नास हजार दिले. दीड लाख वेगळे काढून ठेवले, कारण पॅकेजमध्ये गुंतागुंत धरलेली नव्हती. हा प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर लेखी घ्या: गळती झाली, परत आत घ्यावं लागलं, आयसीयू लागला, तर बिल कोणाचं?

दुसरी फेरी तपासण्यांची. उपाशीपोटी रक्त, सोनोग्राफी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), फुप्फुसांची क्षमता, रात्रभर बोटाला आणि नाकाला लावून झोपायचं स्लीप स्टडीचं यंत्र. घसा बधिर करणारा कडू फवारा मारून एंडोस्कोपी. गुंगी देतात, म्हणून सोबत माणूस हवाच. निघालं ते असं: हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला), आणि अन्ननलिकेचा खालचा भाग सुजून लाल. स्लीव्ह माझ्यासाठी नव्हतंच, बायपासच ठरलं. जूनमध्ये ते पंचवीस हजार भरले असते तर कदाचित स्लीव्हच झालं असतं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तेव्हा मला अपमान वाटला होता. त्यांनी फक्त एवढं विचारलं, की दिवसातलं सगळ्यात शांत जेवण कोणतं. पेपर तपासून झाल्यावर, रात्री अकराला, ओट्यापाशी उभी राहून, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सांगता सांगता मला रडू आलं. ऑपरेशनने पोट लहान होतं, ती अकराची वेळ तशीच राहते, हे मला तिथे कळलं. तेव्हापासून साडेदहाला मी गच्चीत जाते.

तिसरी फेरी. आधी बारा दिवस जवळपास सगळं पातळ, यकृत आक्रसावं म्हणून. हे नीट पाळा, नाहीतर सर्जनला आत जागा मिळत नाही. ऑपरेशन सकाळी, संध्याकाळी नर्सने उभं केलं आणि कॉरिडॉरमध्ये चालवलं. दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ मुलीने खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तसला ३० मिलिलिटरचा प्लास्टिकचा पेला हातात दिला. तेवढं पाणी पंधरा मिनिटांत, घोट घोट. पहिला घोट छातीच्या हाडामागे अडकल्यासारखा झाला आणि मग हळूच खाली गेला. पुढचे दोन आठवडे माझा दिवस त्या पेल्यांनी मोजला जायचा.

तीन रात्रींनी सोडलं, पण सोलापूरला लगेच आले नाही. टाके गळायचे असतील तर बहुधा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत गळतात, आणि तेव्हा अडीचशे किलोमीटर लांब असून चालत नाही. नऊ दिवस कोथरूडलाच राहिले. नाडी १२० च्या वर, ताप, खांद्यात कळ, दम लागणं: यांतलं काहीही झालं तर वाट न बघता फोन करायचा, असं मावसबहिणीच्या फ्रिजवर लिहून लावलं होतं. परत येताना गाडीत दर तासाला उठून चालले. खिडकीची जागा घेऊ नका, कडेची घ्या.

आज नऊ महिने झालेत. वजन ७६. मधुमेहाच्या तीन गोळ्यांची एक झाली, एचबीएवनसी ६.१. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळाले, आता परत येतायत. पित्तखडे होऊ नयेत म्हणून सहा महिने एक गोळी घ्यावी लागली. लग्नाच्या पंगतीत दोन घास जास्त गेले तर पाठीला घाम सुटतो आणि उठावं लागतं. गोड खाल्लं तर छाती धडधडते. गुडघेदुखीवर पूर्वीसारख्या वेदनाशामक गोळ्या घेता येत नाहीत, त्यांनी जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. मूल हवं असणाऱ्यांनी ऑपरेशननंतर दीड वर्ष थांबायचं असतं, हे तरुण मुलींनी आधीच घरच्यांशी बोलून घ्यावं.

मागच्या तपासणीत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी आलं. गोळ्यांनी भागेल की शिरेतून लोह द्यावं लागेल, ते पुढच्या फेरीत ठरेल. हुतात्माची दोन तिकिटं काढली आहेत, वहिनी येते म्हणाली आहे.