तांबूला काय शिकवलं?

"तुमचा तांबू किती शहाणा आहे! आमचा कुत्रा तर अजिबात ऐकत नाही. काय शिकवलंत त्याला?" सांगलीत कृष्णेच्या घाटावर सकाळी भेटणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. चालता चालता उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून मी "सांगते कधीतरी" म्हणते आणि पुढे होते. परवा तुम्ही पुन्हा विचारलंत, तेही अगदी रडकुंडीला येऊन. म्हणून आज बसून लिहिते.

तांबू आमच्याकडे आला तेव्हा दोनेक वर्षांचा होता. गावठी, एका कानाला नसबंदीची खूण. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे बरंचसं तेव्हा ठरतं. तांबूचे ते आठवडे रस्त्यावर गेले होते. काठी, हेल्मेट, परका कुत्रा, या तिन्हींना पाहिलं की तो अंगावर धावून जायचा. मला तो माज वाटायचा. ती भीती होती, हे कळायला मला वेळ लागला.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. ऑफिसातून आले तर चपलेचा चोथा झालेला आणि हा टेबलाखाली, कान मागे, शेपूट पायांत, नजर चुकवत. "बघा, केलंय ते बरोबर कळतंय याला," असं म्हणत मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला दोन फटके दिले. पुढच्या आठवड्यात पुन्हा चप्पल, पुन्हा फटके. मग एके दिवशी घरात काहीही फाटलेलं नव्हतं, सगळं जागच्या जागी होतं, तरी कुलपात किल्ली फिरल्याबरोबर तो टेबलाखाली गेला. मी दारातच उभी राहिले. तो चपलेला भीत नव्हता, माझ्या घरी येण्याला भीत होता.

न्यूयॉर्कमध्ये कुत्र्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली नेमकं हेच तपासलेलं आहे. मालकाने खाऊला तोंड लावू नकोस असं बजावून खोलीबाहेर जायचं. कधी कुत्रा तो खायचा, कधी नाही. पण परत आलेल्या मालकाला खरं काय झालं ते दरवेळी सांगितलं जात नसे. 'अपराधी' चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा. खाऊ खाल्ला होता की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट काहीच न केलेल्या कुत्र्याला बोलणी बसली, तर तो चेहरा जास्तच दिसला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तासाभरापूर्वी फाडलेली चप्पल आणि आत्ता बसलेला फटका यांची सांगड तांबूला घालता येत नव्हती. त्याच्यापुरतं एवढंच खरं होतं की ही बाई घरी आली की मारते. चपला मी कपाटात ठेवायला लागले, चघळायला त्याला जुन्या सुती दोरीच्या गाठी दिल्या, आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

रस्त्यावरचा प्रश्न मात्र सात महिने चालला. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक काळा कुत्रा बसतो. तो दिसला की तांबू पट्ट्याला हिसके देऊन भुंकायचा आणि मी मागे खेचत ओरडायची. एकदा मुलीने मागून मोबाइलवर व्हिडिओ काढला. मी तो चार-पाच वेळा पाहिला. तांबू अजून जमीन हुंगत होता, त्याला काही दिसलेलंही नव्हतं, तेवढ्यात माझा हात छातीशी आला आणि पट्टा ताणला गेला. त्यानंतर त्याची मान वर झाली. घाबरण्याची पहिली सूचना माझ्याकडूनच जात होती!

तिथून खरं शिकणं सुरू झालं, आणि पहिले दोन आठवडे ते फक्त माझं होतं. पट्टा धरलेला हात पोटाशी, बोटं सैल, श्वास सावकाश सोडायचा. ऑफिसात कटकट झालेल्या दिवशी त्याला शिकवायला न्यायचं नाही, नुसतं दुसऱ्या बाजूने फिरवून आणायचं. हा नियम मी अजूनही मोडत नाही.

मग अंतर. काळा कुत्रा चाळीस पावलांवर असताना तांबू त्याला बघायचा, पण भुंकायचा नाही. तिथेच थांबायचं. त्याची नजर तिकडे गेली की लगेच उकडलेल्या चिकनचा चण्याएवढा तुकडा. पुन्हा नजर, पुन्हा तुकडा. घंटी वाजली की लाळ सुटणारी पावलोव्ह यांची कुत्री शाळेत आपण सगळ्यांनी वाचली आहेत, हे त्याच जातीचं काम आहे. काही दिवसांनी तो काळ्याला बघून आपणहून माझ्याकडे वळायला लागला. तुकडा तोंडात घेईना, ओठ चाटायला लागला, झोप आलेली नसताना जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, की मी समजायची आपण फार जवळ आलो. वळायचं आणि घरी. बोलणी नाहीत.

"मालक कोण आहे ते दाखवून द्या, उताणा पाडून दाबून धरा," असं मलाही दोघा-तिघांनी सांगितलं होतं. हा समज पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आला. रानातला कळप बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असा असतो, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं, तेही आधी स्वतःच्या पुस्तकात तो जुना समज मांडून झाल्यावर. भ्यालेल्या जनावराला दाबून धरलं की ते गुरगुरणं सोडतं आणि थेट चावायला शिकतं. गुरगुरणं बंद पाडू नका, अशी तुम्हाला हात जोडून विनंती. ती त्याची पूर्वसूचना आहे. एकदा तांबू डोक्याला हात लावू देईना, गुरगुरला. डॉक्टरांना दाखवलं तर कान आतून सुजला होता.

तुमच्या घरी मी आले होते तेव्हा एक गोष्ट दिसली, ती सांगते. मुलगा 'सिट' म्हणतो, तुम्ही 'बस' म्हणता आणि आजी 'खाली बस रे बाळा' म्हणतात. कुत्र्यासाठी हे तीन वेगळे आवाज आहेत. एकच शब्द ठरवा आणि फ्रिजवर लिहून लावा. आजींना पोळीचा घासही थांबवायला सांगा. दहादा नाही म्हणून अकराव्यांदा दिला की तो अकरा वेळा मागायला शिकतो. अजिबात देणं बंद केलंत की आठवडाभर आणखी जोरात भुंकेल, तेवढा काळ सगळ्यांनी मिळून काढावा लागेल.

किती दिवस लागतील, हेही विचारलं होतंत. कोपऱ्याला आम्हाला सात महिने लागले. दाराच्या बेलचं अजून चालू आहे. काल कुरिअरवाला हेल्मेट घालूनच दारात आला. तांबू दोनदा भुंकला, मग मान वळवून माझ्या हाताकडे बघत राहिला.