कोरडे मोजे

हेमकुंड, म्हणजे उत्तराखंडातल्या डोंगरावर तळ्याकाठी असलेला शिखांचा गुरुद्वारा, गाठायला खालच्या घांगरिया गावातून पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा आभाळ इतकं नितळ होतं की दादानं रेनकोट खोलीवरच ठेवला. त्याचं बघून मीही ठेवला. काकूंनी मात्र प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेतली. "धापेवाड्याच्या वाटेनं इतक्यांदा भिजले, तरी अक्कल नाही आली काहून रे तुम्हाले?"

नागपूर सोडलं तेव्हा घरात पंखा पाचवर होता. मग दिल्ली, ऋषिकेश, जोशीमठ, गोविंदघाट. कुठल्या दिवशी कुठे होतो हे आता तिकिटं काढून बघावं लागेल. बसमध्ये काकूंचा हरिपाठ आणि दादाचं घोरणं, एवढं लक्षात आहे.

नागपूरजवळच्या धापेवाड्याच्या विठोबाला दिंडीत दहा वर्षं चालतोय, तेव्हा चालण्याचं आपल्याला काही नाही, अशी मिजास होती. पण ती वाट सपाट. इथं हेमकुंडापर्यंत जेमतेम सहा किलोमीटर, आणि तेवढ्यात हजार मीटरच्या वर चढ. पहिल्या तासात मिजास गेली, दुसऱ्या तासात उजव्या टाचेवरचा फोड फुटला. खेचरांच्या लिदीवरून पाय घसरायचा, मागून घोडेवाले "हटो भाई" म्हणत अंगावर यायचे. तोंडात रामकृष्णहरी आणि मनात शिव्या, दोन्ही एकाच तालात चाललं होतं. वरून उतरणारा प्रत्येक सरदारजी हसून सांगायचा, "बस जी, दस मिनट." ती दहा मिनिटं आम्हाला दीड तास पुरली.

साडेआठच्या सुमारास अंधारून आलं. आवाज काहीच नाही, म्हणून आधी कळलंच नाही. बाहीवर पांढरं दिसलं तेव्हा मी ओरडलो, "गारा!" आमच्याकडे आभाळातून पांढरं पडतं ते तेवढंच, आणि ते पडलं की संत्र्याच्या बागायतदारांची तोंडं उतरतात. पण ह्याला ना मार ना आवाज. सावरीचं बोंड फुटून कापूस उडावा तसं तरंगत येत होतं. दादा पन्नाशीचा माणूस, तोंड उघडून जीभ काढून उभा राहिला. मीही राहिलो. मग बुटात पाणी शिरलं आणि कौतुक संपलं. बूट कॅनव्हासचे. "वारीले चालतात, तर इथं काहून नाही चालणार?" हे निघताना मीच म्हणालो होतो.

वर पोचलो. तळं दिसलं नाही. धुक्यात निशाणसाहिबाचा, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या झेंड्याचा, केशरी रंग तेवढा होता. लक्ष्मणाचं देऊळ दोन पावलांवर आल्यावर कळलं. काकूंनी वाकून पाण्याला बोटं लावली, गडूत चार थेंब घेतले आणि म्हणाल्या, "कळसदर्शन झालं समजा."

जोडे ठेवायच्या जोडाघरात बाकावर बसलो, पण नाडी सुटेना. बोटं माझी आहेत असं वाटतच नव्हतं. आतून एक म्हातारे सेवादार आले, खाली बसले आणि माझी नाडी सोडायला लागले. मी पाय मागे ओढला. वारीत पाय चेपून घेतले आहेत, तेलही लावून घेतलंय, पण चेपणारी पोरं असायची. हे माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी पाय धरून ठेवला. मोजा फोडाला चिकटला होता. त्यांनी पेल्यात कोमट पाणी आणलं, थेंबथेंब सोडत तो सैल केला, आणि मी "आई गं" म्हणेपर्यंत काढूनही झाला. मग कोटाच्या खिशातून लोकरीचे मोजे काढले. टाचेला निळ्या धाग्यानं रफू केलेलं. ते चढवून वर ब्रेडच्या दोन पिशव्या बांधल्या. "उतरते वक्त ऐसे ही पहनना. पहले मोजा, फिर थैली, फिर जूता."

कुठून आलात, विचारलं. नागपूर म्हटल्यावर चेहरा खुलला. "हजूर साहिब तो आपके पास है! गए होंगे?"

हजूर साहिब म्हणजे नांदेडचा गुरुद्वारा. नांदेड आमच्याहून एका रात्रीच्या गाडीवर. मी कधी गेलेलो नाही. "हां जी," म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

मग ते म्हणाले, आपलं गाव बटाल्याकडे, घुमानजवळ. "भगत नामदेव जी तो हमारे हैं." मला हे लागलं. आत्ताच ज्या माणसानं माझा पाय धुतला, त्याच्यावर मी चक्क चिडलो. नामदेवांची 61 पदं त्यांच्या ग्रंथसाहिबात आहेत, हे कीर्तनात ऐकलेलं. घुमानला राहिलेही असतील, पण जन्म नरसीचा, पायरी पंढरपुरात. हमारे म्हणे! काकूंनी तर उघडच ऐकवलं, "तुमचे कसे हो? आमचे!" त्यांना मराठी कळलं नसावं. "हां जी, हां जी," करत हसले. काकूंनीच मग पिशवीतून संत्राबर्फी काढून त्यांच्या हातावर ठेवली. थंडीनं दगड झालेली. त्यांनी ती सुपारीसारखी गालात धरली आणि पुढच्या माणसाच्या बुटांकडे वळले.

लंगरची खिचडी, चहा, अरदास. उतरताना बुटातल्या पिशव्या पावलागणिक चरचर वाजत होत्या. काकूंनी तोच ठेका धरून ज्ञानोबा-तुकाराम सुरू केलं. दादा दोनदा पडला.

घरी आल्यावर मोजे धुतले. नागपूरच्या ऑक्टोबरात बाल्कनीच्या तारेवर वाळायला कितीसा वेळ लागतो! काकू प्रसाद घेऊन आल्या, तेव्हा तिथंच होते.

"नांदेडले कधी जातं?"

"बघतो, सुट्टी मिळाली की."

"त्याले तं हां जी म्हणून आला तू."

मी मोजे उलटे करून पुन्हा तारेवर टाकले.