तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी नसताना तळ्याकाठी फिरता तरी कशा?

"ताई, दारात ना कार ना स्कूटी, मग कधी धोमचे, कधी कासचे, कधी बामणोलीचे फोटो स्टेटसला असतात, ते जाता तरी कशानं?" हा प्रश्न मला सोसायटीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारून झालाय आणि मी एसटीनं म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, अहो पण तिकडं एसटी धड जाते कुठं. जाते. धड म्हणजे दर अर्ध्या तासाला असं म्हणत असाल तर नाही जात, पण जाते, आणि पाण्याच्या कडेनं चालायचं असेल तर माझ्या मते गाडीपेक्षा एसटीच बरी, आणि हे मी गाडी परवडत नाही म्हणून म्हणत नाहीये.

कारण साधं आहे. गाडी घेऊन गेलात की जिथं लावली तिथंच परत यावं लागतं, म्हणजे निम्मी वाट झाली की पाय पुढं असतात आणि डोकं पार्किंगमध्ये. एसटीनं गेलेला माणूस एका फाट्यावर उतरतो आणि भलत्याच फाट्यावरून चढतो, मधला डोंगर तेवढा त्याचा. आणि सातारा तर याच्यासाठीच बनल्यासारखा आहे. येवतेश्वरावरून कासकडं जाणारा रस्ता बघा, सगळा धारेवरून जातो, उजव्या हाताला खाली वेण्णेचं खोरं आणि कण्हेर धरणाचं पाणी, डाव्या हाताला उरमोडी, आणि कास ओलांडून पलीकडं उतरलं की कोयनेचा शिवसागर. तीन नद्यांची तीन धरणं एका रस्त्याला लागून, आणि हे सगळं एसटीच्या खिडकीतून दिसतं, स्टेअरिंग धरलेल्याला कुठलं बघायला मिळतंय, घाटात त्याची नजर वळणावर.

आता टाईमटेबल. लोकांची सगळी चिडचिड इथंच होते, कारण आपण धरून चालतो की गाड्या आपल्यासाठी सोडल्यात. खेड्यातल्या गाड्या खेड्यातल्या लोकांसाठी असतात. सकाळी गावातनं शहराकडं, कॉलेजची पोरं, दवाखाना, कोर्ट-कचेरी, आणि संध्याकाळी शहरातनं गावाकडं. आपण नेमके उलटे जाणार, म्हणून एक फायदा असा की खिडकीची जागा बहुतेक मिळतेच. पण मुक्कामी गाडी ही भानगड समजून घ्या. ती संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि सकाळी लवकर तीच गाडी माघारी निघते. म्हणजे संध्याकाळी गावाकडं जाणारी एसटी दिसली म्हणून ती थोड्या वेळानं परत येईल आणि आपल्याला नेईल असं समजून पारावर बसून राहू नका, ती उद्याच येणार. म्हणून सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारायचं, मामा, परतीची शेवटची कितीला, आणि ती वस्तीची, म्हणजे मुक्कामी, नाही ना. दुसरं म्हणजे बऱ्याच फेऱ्या शाळेच्या वेळेवर बांधलेल्या असतात, शाळा बंद की फेरी बंद, त्यामुळं रविवार, दिवाळी आणि मे महिना यांचा भरवसा धरू नये. आषाढीला गाड्या पंढरपूरला जातात, गणपतीत कोकणात जातात, तेव्हाही गावच्या फेऱ्या कमी होतात. मी शक्यतो मंगळवार-बुधवारची रजा टाकते. आणि एसटी चुकलीच तर वडाप असतं, म्हणजे शेअरची खासगी जीप, फक्त ते भरल्याशिवाय हलत नाही आणि संध्याकाळनंतर मिळेलच असं नाही.

कुठून सुरुवात करायची, तर वाईपासून. वाई स्टँडवर उतरायचं, पहिल्यांदा मेणवली, तीनेक किलोमीटर, तिथं कृष्णेच्या काठावर नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागं घाट, आणि घाटावर एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेली. शूटिंगवाल्यांनी तो घाट इतका वापरलाय की पहिल्यांदा जाणाऱ्यालाही ओळखीचा वाटतो. तिथनं पुढं धोम, वाईपासून धरलं तर सगळं मिळून आठ-नऊ किलोमीटर, सपाट वाट, उसाची-हळदीची शेतं, पांडवगड बाजूला. धोमच्या महादेवासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसवलाय, आणि भोवतीच्या कुंडात पाणी असलं की कासव पोहतंय असं वाटतं, हे बघायला विसरू नका. धरणाच्या भिंतीवर मात्र चढायला जाऊ नका, ते प्रतिबंधित आहे आणि तिथले वॉचमन फोटोवरून हुज्जत घालत बसत नाहीत, सरळ हाकलतात. हे जमलं आणि पायात दम वाटला तर पुढच्या खेपेला वाईहून वासोळ्याची गाडी धरून कमळगड करा, वर गेरूची विहीर आहे, कातळात पायऱ्या उतरत आत जायचं, आतली माती तांबडीलाल, आणि गडाच्या अलीकडं-पलीकडं दोन खोऱ्यांतलं पाणी. पण तो पूर्ण दिवसाचा ट्रेक आहे आणि रानातली वाट फसवी आहे, गावातला माणूस बरोबर घ्या, त्याला पैसे द्या.

साताऱ्यातून जवळचा म्हणजे परळी-सज्जनगड. बहुतेक लोक वरपर्यंत गाडीनं जातात, शेवटच्या शंभरेक पायऱ्या चढतात, दर्शन घेतात, झालं. तुम्ही एसटीनं परळीत उतरा. गावात जुनी दगडी महादेवाची देवळं आहेत, त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, ती बघा आणि जुन्या पायऱ्यांच्या वाटेनं चढा, साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, जसजसं वर जाल तसा उरमोडीचा जलाशय खाली उलगडत जातो. उरमोडीचं पाणी कालव्यानं आणि उपसा करून माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्याकडं नेलंय, आणि जमीन इकडच्यांची पाण्याखाली गेली. चढताना हे लक्षात असलं की नुसतं "व्ह्यू किती मस्त" म्हणायला जरा जड जातं. वर दुपारी समर्थांच्या समाधीपाशी महाप्रसाद असतो, त्यामुळं डबा नेला नाही तरी चालतं, मी तर मुद्दाम त्याच वेळेला पोचते. समर्थ 1682 मध्ये इथंच गेले. उतरताना गाडीच्या रस्त्यानं गजवाडीच्या अंगाला उतरा, एसटी तिकडूनही मिळते, म्हणजे बघा, मी मघाशी म्हटलं तसं, चढलो एकीकडनं, उतरलो दुसरीकडनं.

आणि माझी सगळ्यात आवडती म्हणजे कास ते बामणोली. सातारा-बामणोली एसटीनं कास तलावापाशी उतरायचं. साताऱ्याच्या वरच्या पेठांत नळाला येतं ते पाणी ह्याच तलावाचं, ब्रिटिशांच्या काळातला तलाव, पाणी उंचावरनं आपल्या उतारानं शहरात येतं. तलावाच्या अलीकडं पठार, ते तुम्हाला माहितीच आहे, 2012 साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी तिथं फुलांपेक्षा मोबाईल जास्त. आमच्याकडं अशा जांभ्याच्या उघड्या पठाराला सडा म्हणतात, वर वीतभरसुद्धा माती नसते, त्यातच सीतेची आसवं, तेरडा, गेंद उगवतात, म्हणून आखलेल्या वाटेच्या बाहेर पाय टाकू नका, एक सेल्फी आणि दहा रोपं गेली. सीझनला प्रवेश फी आहे, बुकिंग आहे, आणि गर्दीच्या दिवशी घाटात ट्रॅफिक तुंबतं तेव्हा एसटीही त्यातच तुंबते, म्हणून पुन्हा सांगते, मधला वार बघा. गर्दी नको असेल तर पठारावरनं जुना राजमार्ग जातो, त्या वाटेनं कुमुदिनीच्या तळ्याकडं चालत जा, पांढरी झालरीची फुलं पाण्यावर, बरेचसे लोक तिथवर येतच नाहीत.

कासपासून बामणोली दहा-बारा किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार, दोन्ही बाजूंनी झाडी, आणि एका वळणावर अचानक शिवसागर दिसतो. तिथं उभं राहिलं की एसटी बामणोलीत का संपते ते कळतं. रस्ता संपलेला नाही, खोरं बुडालंय. धरणाची भिंत खाली पार पाटण तालुक्यात कोयनानगरला, आणि पाणी मागं थेट तापोळ्यापर्यंत, 105 टीएमसीचा जलाशय. गावंच्या गावं उठवली, लोक कुठं रायगडात, कुठं सोलापुरात, कुठं सांगलीकडं गेले, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अजून मोर्चात असतो. पलीकडच्या काठावर जी गावं राहिली त्यांना आजही लाँच आणि तराफा लागतो, तराफ्यावर जीप, मोटारसायकली, माणसं, शेळ्या, सगळं एकत्र पलीकडं. तुम्हाला बोटिंगचा आनंद हवा असेल तर भाड्याची बोट घ्या, पण धक्क्यावर बसून नुसतं तराफ्याची ये-जा बघितली तरी दुपार जाते. जेवायला पिठलं-भाकरी मिळते, खात असाल तर तळ्याचा मासा.

वासोटा किल्ल्याचं सगळे विचारतात. एसटीनं सकाळी निघून त्याच दिवशी वासोटा, हे विसरा. बामणोलीत वनखात्याची परवानगी, मग दीडेक तास बोट, मग जंगलातला चढ, आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचं, वर मुक्काम चालत नाही, व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे तो. आदल्या दिवशी एसटीनं येऊन बामणोलीत राहिलात आणि बोटीचा खर्च वाटायला पाच-सात जण असले तर होतो. पावसाळ्यात बंदच.

पावसाळ्यात इतरही ठिकाणी जळवा, धुकं, निसरडं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. उन्हाळ्यात वेगळीच गंमत, पाणी मागं हटतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात, म्हणजे त्या गाळातच पीक घेतात, कुठं जुन्या घराची जोती वर येतात. पण त्या गाळात उतरू नका, वरनं वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि खाली गुडघाभर चिखल असतो, गुरं अडकतात त्यात. कास-बामणोलीच्या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत, त्यामुळं अंधार पडायच्या आत डांबरीवर. मी एकटी जाते का, तर वाई-धोमला जाते, परळीला जाते, बामणोलीला मैत्रीण असतेच बरोबर.

खर्च विचाराल तर मार्च 2023 पासून आम्हा बायकांना एसटीत हाफ तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, माझी मावशी त्या जोरावर माझ्यापेक्षा जास्त फिरते. चार-सहा दिवस सलग फिरणार असाल तर "आवडेल तेथे प्रवास"चा पास काढा, चार दिवसांचा असतो, सात दिवसांचाही असतो. सुट्टे पैसे ठेवा. डोंगरात फिरताना नेटवर्क जातं, तेव्हा यूपीआयच्या भरवशावर कंडक्टरशी वाद घालून उपयोग नाही.

तर पहिल्यांदा वाई-धोम करा, मग परळी, आणि बामणोली दिवाळीच्या सुट्टीनंतर, हवा स्वच्छ असते आणि शाळा सुरू झाल्यामुळं गाड्याही लागलेल्या असतात. निघायच्या आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीत परतीची वेळ विचारून घ्या, फलाटावरचा रंगवलेला बोर्ड वाचून जाऊ नका, त्यातल्या काही गाड्या आमच्या लहानपणीच्या आहेत.